जपानी ग्राहकाशी काम करताना: पहिल्या मेलपासून तक्रारीच्या उत्तरापर्यंत

चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज इथल्या छोट्या-मध्यम कारखान्यांना जपानी कंपनीचं पहिलं काम मिळतं, सहा महिने ते नीट चालतं आणि मग नवीन चौकशा येणं थांबतं. पार्ट चांगले असतात, भावही जमलेला असतो. मग मालक विचारतात, "व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायला विसरलो म्हणून का हो?" नाही. परदेशी माणसाकडून कार्ड देण्यात चूक झाली तर ते समजून घेतात. काम थांबतं ते वाईट बातमी त्यांच्यापर्यंत उशिरा पोचली म्हणून, आणि आपण सहज म्हटलेल्या "होईल"ला त्यांनी पक्की तारीख समजून पुढचं सगळं नियोजन त्यावर उभं केलं म्हणून.

खाली टप्पे दिले आहेत, त्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक जण थेट पाचव्या टप्प्यापासून, म्हणजे मीटिंगपासून, सुरुवात करतात आणि मागचे चार टप्पे राहून जातात. तिथेच नुकसान होतं.

## १. आधी आपल्या घरात एकमत करा

ग्राहकाशी बोलणारा माणूस एकच ठरवा आणि त्याच्या गैरहजेरीत कोण बोलणार तेही ठरवा. क्वालिटीचा माणूस एक तारीख सांगतो, डिस्पॅचचा दुसरी आणि मालक फोनवर तिसरी, असं झालं की समोरच्याला कुठलीच खरी वाटत नाही.

मग या गोष्टी कागदावर आणा:

तारीख लिहायची पद्धत. जपानमध्ये आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात. आपण ०३/०४ लिहिलं की आपल्या मनात ३ एप्रिल असतो, त्यांच्या मनात ४ मार्च येऊ शकतो. महिना अक्षरांत लिहा किंवा २०२६/०४/०३ असं त्यांच्या क्रमाने लिहा. कारखान्यातल्या सगळ्यांनी एकच पद्धत वापरावी.

आकडे. आपण लाख-कोटीत मोजतो, ते दहा हजारांच्या पटीत. दहा हजार म्हणजे एक 'मान'. आपला एक लाख म्हणजे त्यांचे दहा मान आणि त्यांचा एक 'ओकु' म्हणजे आपले दहा कोटी. दोघंही मनातल्या मनात इंग्रजीत आकडा फिरवतात आणि एक शून्य इकडचं तिकडे होतं. स्वल्पविरामाचा घोळ वेगळाच: आपला १,००,००० बघून बाहेरचा माणूस अडखळतो. कोटेशनमध्ये 'लाख' हा शब्दच नको. पूर्ण आकडा लिहा, तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम द्या, पुढे चलन आणि नग स्पष्ट लिहा.

सुट्ट्या. एप्रिलच्या शेवटापासून साधारण ५ मेपर्यंत 'गोल्डन वीक', ऑगस्टच्या मध्यावर 'ओबोन', आणि २९ डिसेंबरच्या सुमारास सुरू होणारी नववर्षाची सुट्टी ३ जानेवारीपर्यंत. या काळात उत्तर येणार नाही असंच धरून चाला. आपल्या गणपती-दिवाळीच्या तारखा दर वर्षी बदलतात आणि त्यांना त्या आपोआप कळत नाहीत. जानेवारीतच वर्षभराची यादी पाठवा. दिवाळीत कामगार गावी जातात, त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या आधी आणि नंतर किती दिवस लाइन अर्धी चालते, हेही त्यात खरं लिहा.

वेळ. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. आपले सकाळचे साडेनऊ म्हणजे तिकडची दुपारची एक, जेवणाची सुट्टी संपायची वेळ. म्हणजे साडेनऊ ते दीड ही कॉलची चांगली वेळ. दुपारी तीननंतर फोन लावाल तर तिकडे संध्याकाळचे साडेसहा वाजून गेलेले असतात.

*तपासा: तुमच्या कारखान्यातल्या तिघांना वेगवेगळं विचारा, "पुढच्या लॉटची तारीख काय?" तिघांचं उत्तर एक आलं तरच पुढे जा.*

## २. भाव देण्याआधी ड्रॉइंग पूर्ण वाचा

हा टप्पा लोकांना तांत्रिक वाटतो. माझ्या मते संवादाची सगळ्यात महाग चूक इथेच होते, कारण ड्रॉइंग हेच ग्राहकाचं पहिलं बोलणं असतं.

आपल्याकडे डिप्लोमा-डिग्रीला फर्स्ट अँगल प्रोजेक्शन शिकवतात, म्हणजे उजवीकडून दिसणारं चित्र डावीकडे काढतात. जपानी ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतं, तिथे ते उजवीकडेच असतं. पार्ट दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर काही कळत नाही, पण डावं-उजवं वेगळं असेल तर आरशात दिसतो तसा उलटा पार्ट तयार होतो. टायटल ब्लॉकमधलं प्रोजेक्शनचं चिन्ह सगळ्यात आधी बघा.

कोपऱ्यातल्या जपानी नोंदींचं भाषांतर करून घ्या, सगळ्या नोंदींचं. 'बर (कडेला राहिलेली धातूची कूस) असू नये', 'न दर्शवलेल्या मापांना अमुक टॉलरन्स (मापात चालणारा फरक)', 'गंजरोधक तेल लावणे' अशा गोष्टी तिथेच असतात. "नेहमीचंच असेल" म्हणून सोडू नका.

आणि मटेरियल. ड्रॉइंगवर एस४५सी हा स्टीलचा जपानी ग्रेड लिहिला असतो आणि आपल्या बाजारात ईएन८ सहज मिळतं. दुकानदार सांगतो, "एकच आहे साहेब." एकच नाही. एस४५सीमध्ये कार्बन ०.४२ ते ०.४८ टक्के, ईएन८मध्ये ०.३६ ते ०.४४ टक्के. काही पार्टना चालेलही, पण ते चालेल की नाही हे ठरवायचा अधिकार आपला नाही. पर्याय सुचवायचा असेल तर रासायनिक आणि यांत्रिक गुणधर्मांचा तक्ता शेजारी-शेजारी मांडून, कोटेशनच्या आधी, लेखी विचारा.

सावधान: न विचारता केलेला 'समतुल्य' बदल नंतर उघड झाला, तर पार्ट चांगला असूनही विश्वास जातो.

## ३. मेल: एक विषय, क्रमांक घातलेले प्रश्न, उत्तराची तारीख

समोरच्या माणसाला इंग्रजी बोलण्या-ऐकण्यापेक्षा वाचायला बऱ्याचदा सोपं जातं. म्हणून मेल हाच मुख्य रस्ता धरा. फोन केलात तरी नंतर मेल टाका.

एका मेलमध्ये एकच विषय घ्या. विषयाच्या ओळीत पार्ट क्रमांक, मुद्दा आणि उत्तर कधीपर्यंत हवं ते लिहा. प्रश्नांना क्रमांक द्या, म्हणजे ते त्या-त्या क्रमांकासमोर उत्तर लिहितात. वाक्यं लहान ठेवा. आपल्या सरकारी इंग्रजीतलं 'डू द नीडफुल' आणि 'रिव्हर्ट' काढून टाका. 'लवकरात लवकर'सुद्धा नको, तारीख लिहा.

नावात आडनाव आधी येतं आणि आडनावानंतर आदरार्थी 'सान' लावायचं. पहिल्या नावाने हाक मारू नका. 'सान' स्वतःच्या नावाला कधीच लावत नाहीत, ही चूक मी फार पाहिली आहे. मेलच्या प्रतीत ज्यांची नावं आहेत त्यांना उत्तरातून वगळू नका. ती यादी त्यांनी विचार करून केलेली असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मेल आला की त्याच दिवशी पोच द्या, उत्तर तयार नसलं तरीही. आपला स्वभाव असा की काम पूर्ण करूनच कळवू. चार दिवस राबून आपण प्रश्न सोडवतो आणि अभिमानाने मेल करतो. त्या चार दिवसांत समोरच्याने साहेबाला तीनदा सांगितलेलं असतं, "भारतातून अजून काही कळलेलं नाही." पोच देताना इतकंच लिहा: मेल मिळाला, प्रश्न २ साठी ट्रायल घ्यावी लागेल, उत्तर गुरुवारी जपानच्या वेळेनुसार दुपारी ४ पर्यंत देतो. आणि गुरुवारी उत्तर तयार नसेल तर चारच्या आधी तसं कळवा.

## ४. मीटिंगच्या आधीच मीटिंग करा

जपानी कंपनीत निर्णय मीटिंगच्या टेबलावर क्वचितच होतो. त्याआधी संबंधित प्रत्येकाला वेगवेगळं भेटून, कागद दाखवून त्याचं मत घेतलेलं असतं. याला ते 'नेमावाशी' म्हणतात. मूळ शब्द बागकामातला आहे: मोठं झाड दुसरीकडे लावण्याआधी त्याच्या मुळांभोवतीची माती मोकळी करून मुळं तयार करतात, ते काम. आपण मात्र मीटिंगमध्येच नवा मुद्दा काढतो, कधी भाववाढ, कधी डिलिव्हरीत बदल. समोर सहा माणसं गप्प बसतात आणि आपल्याला वाटतं, त्यांना राग आला. राग आलेला नसतो. ज्यावर आत बोलणं झालेलं नाही त्यावर मत द्यायची सोयच त्यांच्याकडे नसते.

म्हणून:

- मीटिंगच्या किमान तीन कामाचे दिवस आधी विषयपत्रिका आणि सगळी स्लाइड पाठवा.
- अवघड मुद्दा असेल तर रोजच्या संपर्कातल्या माणसाला आधी एकट्याला सांगा आणि विचारा, "हा मुद्दा कुणाला कसा मांडावा?" तो जे सांगेल ते ऐका.
- कोण कोण येणार, त्यांची पदं काय, हे विचारून घ्या आणि आपल्याकडून त्याच वजनाची माणसं बसवा.

दुभाषी घेणार असाल तर पुण्यात जपानी शिकलेली माणसं भरपूर आहेत, पण निवडताना एक लक्षात ठेवा. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत वाचन आणि श्रवण तपासतात, बोलण्याची परीक्षा त्यात नाही. त्यातल्या एन-२ पातळीचं प्रमाणपत्र म्हणजे शॉपफ्लोअरवर उभं राहून 'ब्लोहोल'वर (ओतकामात राहिलेल्या हवेच्या पोकळीवर) बोलता येईल असं नव्हे. आदल्या दिवशी त्यांना ड्रॉइंग, पार्ट आणि तीसेक शब्दांची यादी द्या, एकदा लाइनवर फिरवून आणा. दुभाष्याला आयत्या वेळी बोलावून "सांगा आमचं म्हणणं" म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे आणि तोटा आपलाच आहे.

*तपासा: मीटिंगमध्ये ग्राहकाला पहिल्यांदाच कळेल अशी एकही गोष्ट तुमच्या स्लाइडमध्ये उरली आहे का? असेल तर आज मेल करा.*

## ५. मीटिंगमध्ये 'हो' नीट ऐका, नीट म्हणा

आपण बोलत असताना समोरून "हाय, हाय" येतं. शब्दकोशात त्याचा अर्थ 'हो' आहे. पण आजी गोष्ट सांगताना आपण हुंकार भरायचो ना, तोच हा हुंकार: ऐकतोय, पुढे बोला. त्याला होकार समजून ऑर्डर धरून चालणारे मी पाहिले आहेत.

दुसरं वाक्य 'केंतो शिमासु', म्हणजे 'विचार करतो'. इंग्रजीत ते 'वी विल कन्सिडर' होऊन येतं आणि आपल्याला आशा लागते. खरं तर मराठी माणसाला हे कळायला वेळ लागू नये. आपण "बघू" म्हणतो तेव्हा आपल्या मनात काय असतं? तेच बऱ्याचदा त्यांच्याही मनात असतं. 'मुझुकाशी', म्हणजे 'अवघड आहे', हा तर जवळजवळ स्पष्ट नकार. "काही अवघड नाही, आम्ही करून दाखवतो" असं उत्तर त्यावर देऊ नका. विचारा: "कुठला भाग अवघड आहे? काय बदललं तर सोपं होईल?" आणि 'केंतो' आलं तर विचारा, "कधीपर्यंत कळेल आणि तोवर आमच्याकडून कुठली माहिती हवी?" तारीख आणि मागणी आली तर खरंच विचार चालू आहे. दोन्ही नाही आलं तर 'नाही' समजा आणि पुढच्या पर्यायाला लागा.

आता आपली बाजू. मान डोलावणं ही आपली सवय. ती हो आहे की नाही, हे परक्याला कळत नाही. तोंडाने बोला. "होईल", "करून टाकू", "नो प्रॉब्लेम" हे शब्द मीटिंगपुरते बंद ठेवा. त्याऐवजी तीनच उत्तरं द्या: "होईल, अमुक तारखेला." "होणार नाही, कारण हे." "आत्ता माहीत नाही, अमुक तारखेला सांगतो." तिसरं उत्तर द्यायला आपल्याला कमीपणा वाटतो. वाटू देऊ नका, ते उत्तर त्यांना चालतं. न पाळलेली तारीख चालत नाही.

शांतता आली की बोलू नका. मनात दहापर्यंत मोजा. ते विचार करत असतात किंवा इंग्रजी वाक्य जुळवत असतात. त्या शांततेला घाबरून आपल्याकडचा माणूस स्वतःच म्हणतो, "ठीक आहे, दोन टक्के कमी करतो." कुणी मागितलेले नसतात!

आपसात मराठीत बोलायचं असेल तर "दोन मिनिटं आम्ही चर्चा करतो" असं सांगून बोला. एकाच वेळी तिघांनी बोलणं टाळा. दुभाषी असेल तर दोन वाक्यांनंतर थांबा आणि नजर दुभाष्याकडे नको, ग्राहकाकडे ठेवा.

## ६. त्याच दिवशी मिनिट्स (मीटिंगचं टिपण) पाठवा

त्यांनी पाठवायची वाट बघू नका. चार रकाने पुरे: मुद्दा, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. न ठरलेलं वेगळं लिहा. खाली एक ओळ टाका: आमची समज चुकली असेल तर अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करून पाठवा. मीटिंगमध्ये गप्प असलेला माणूस इथे लाल शाईत तीन दुरुस्त्या करून पाठवतो. त्यातूनच खरं काय ते कळतं.

## ७. काम चालू असताना: बदल होण्याआधी सांगा

'होरेन्सो' हा शब्द जपानी कंपनीत नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. होकोकु म्हणजे अहवाल देणं, रेनराकु म्हणजे कळवणं, सोदान म्हणजे सल्ला घेणं. आपण पहिली दोन करतो, तिसरं करत नाही. अडचण आली की ती आपल्यात ठेवतो, कारण ग्राहकाला अडचण सांगणं आपल्याला दुबळेपणाचं वाटतं. त्यांच्या दृष्टीने अडचण लवकर सांगणारा पुरवठादार भरवशाचा.

कळवलंच पाहिजे असे बदल चार प्रकारचे, लाइनवर सगळे त्याला 'फोर एम' म्हणतात: माणूस, मशीन, मटेरियल, मेथड. मशीनची जागा हलवली तरी तो बदलच. जॉबवर्कवाला बदलला तर नक्कीच.

मी काम करत होतो त्या एका कारखान्यात दिवाळीच्या आठवड्यात प्लेटिंगवाल्याकडे काम अडकलं. डिस्पॅच चुकू नये म्हणून आम्ही एक लॉट दुसऱ्याकडे करून घेतला. सॉल्ट स्प्रे टेस्ट (गंज धरतो का याची चाचणी) पास, जाडी बरोबर. तीन आठवड्यांनी तिकडच्या तपासनीसाला रंगाची छटा वेगळी दिसली आणि त्याने विचारलं. आम्ही खरं सांगितलं, पण विचारल्यावर सांगितलं. पार्ट नाकारले नाहीत, मात्र त्यानंतर वर्षभर नव्या पार्टची एकही चौकशी आली नाही. डिस्पॅच दोन दिवस उशिरा होईल असं आधी कळवलं असतं तर बहुधा एका मेलवर निभावलं असतं. ही गोष्ट मला आजही लागते.

बदल करायचा असेल तर क्रम असा: आधी विनंती, मग सॅम्पल आणि मापांचा अहवाल, मग लेखी मंजुरी, मग बदल. पहिल्या लॉटच्या पेट्यांवर वेगळं लेबल लावा.

ते कारखाना बघायला येणार असतील तर आदल्या रात्री रंग मारत बसू नका. त्यांना ओला रंग दिसतो आणि तीन महिने न भरलेली चेकशीटही दिसते. बोर्डावरचे आकडे त्या दिवशीचे असू द्या. ते थेट ऑपरेटरला विचारतील, "माप बिघडलं तर काय करता?" उत्तर ऑपरेटरलाच मराठीत देऊ द्या, सुपरवायझरने मध्ये पडू नये. मीटिंग रूममध्ये पाहुण्यांना दारापासून लांबच्या बाजूला बसवा. जेवणाचं आधी विचारा. आणि पुण्याहून चाकणला येणार असतील तर तळेगाव चौकातली कोंडी धरून वेळापत्रक आखा.

## ८. तक्रार आली तर

इथे क्रम चुकला की मागचं सगळं वाया जातं.

पहिले २४ तास. कारण शोधत बसू नका. आधी आग विझवा. कोणता लॉट, किती नग, त्यातले ग्राहकाकडे किती, वाटेत किती, स्टोअरमध्ये किती, लाइनवर किती, हा हिशोब पाठवा. सॉर्टिंग कुठे, कोण, कसं करणार ते लिहा. सुरुवातीला एकदा, साध्या शब्दांत दिलगिरी व्यक्त करा, आणि त्यानंतर 'पण' लावू नका.

मग कारण, दोन फांद्यांत. दोष का तयार झाला, आणि तयार झालेला दोष आपल्याला न सापडता बाहेर का गेला. बहुतेक अहवालांत फक्त पहिली फांदी असते आणि अहवाल परत येतो. दोन्हींवर वेगवेगळं 'व्हाय-व्हाय' करा, म्हणजे मूळ कारण सापडेपर्यंत 'का?' विचारत जा.

सावधान: "ऑपरेटरचं दुर्लक्ष, प्रशिक्षण दिलं." हे उत्तर कधीही लिहू नका. पुढचा प्रश्न ठरलेला आहे: त्याचं लक्ष नसलं तरी दोष होणार नाही अशी व्यवस्था का नव्हती? उत्तर फिक्श्चरमध्ये (पार्ट पकडायच्या साधनात), पोकायोकेत (चूक होऊच न देणाऱ्या रचनेत), तपासणीच्या पद्धतीत शोधा. खालच्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडलेला अहवाल वाचून त्यांना कळतं की हा कारखाना स्वतःकडे बघत नाही.

उपाय आणि पुरावा. आधीचा आणि नंतरचा फोटो, बदललेली कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कसं तपासायचं याचा तक्ता), आणि पुढच्या लॉटच्या मापांची नोंद. शेवटी तसाच दोष आपल्या कुठल्या दुसऱ्या पार्टवर येऊ शकतो आणि तिथे काय केलं, हेही लिहा. हे न मागता लिहिलंत तर फरक पडतो.

*तपासा: अहवालातला प्रत्येक 'म्हणून' उलटा वाचा. शेवटच्या कारणापासून दोषापर्यंत परत जाता येत नसेल तर मधली एक पायरी गाळलेली आहे.*

## ९. एप्रिलमध्ये माणूस बदलतो

अनेक जपानी कंपन्यांचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च असतं आणि बदल्या बऱ्याचदा १ एप्रिलच्या सुमारास होतात. तुमचं सगळं जाणणारा माणूस एका छोट्या निरोपाच्या मेलने दुसऱ्या खात्यात जातो. मार्चच्या मध्यावरच एक फाइल तयार ठेवा: चालू पार्टची यादी, मंजूर झालेल्या बदलांचे कागद, उघड्या तक्रारी, न ठरलेले मुद्दे, दोन्हीकडची नावं. जाणाऱ्या माणसाला ती दाखवून विचारा, "यात काही राहिलंय का?" मग त्याच्यासमोरच, तिघांच्या अर्ध्या तासाच्या कॉलवर, ती नव्या माणसाला समजावून सांगा. तोंडी ठरलेली एखादी सवलत असेल तर ती जाणाऱ्याकडून याच महिन्यात लेखी घ्या. एप्रिलमध्ये ती कुणालाच आठवणार नाही.